वाढलेल्या हंड्या

“बसा बाई. पण वर बघू नका, घेरी येईल.”

असं म्हटल्यावर कोण वर बघणार नाही? मी बघितलं. छतापासून माझ्या डोक्याच्या जरा वरपर्यंत नुसत्या काचेच्या हंड्या टांगलेल्या होत्या. देवळात, लग्नाच्या मांडवात, हौशी लोकांच्या दिवाणखान्यात दिवा लावायला टांगतात ना, त्या. निळ्या, हिरव्या, माणकासारख्या लाल. खिडकीतलं ऊन त्यांच्यातून गाळून खाली येत होतं आणि माझ्या पांढऱ्या साडीवर सांडत होतं. सातव्या महिन्यातलं माझं पोट अर्धं निळं, अर्धं हिरवं दिसायला लागलं. वारा आला की सगळी खोली बारीक किणकिणायची. आणि मला खरंच घेरी आली.

“सांगितलं न्हवं?” ती बाई हसली. तिनं खुर्ची माझ्या मागे सरकवली, दंडाला धरून मला बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. पन्नाशीची असावी. हातभर हिरवा चुडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

“तुम्ही इथे काय करता?” मी विचारलं.

“हंड्या पुसते. पेंढ्यात भरते. म्या गोमती शेलार. माझीच चौकशी हाय आज. तुमीच करणार न्हवं?”

झालं! मी वकील, कारखान्यानं चौकशी अधिकारी म्हणून बोलावलेली, आणि जिची चौकशी करायची तिच्याच हातचं पाणी पिऊन मी कामाला लागले.

तेव्हा माझं एक विचित्र होतं. बसल्या जागी झोप यायची. कोर्टात, बसमध्ये, सासूबाई बोलत असताना तर हमखास. त्यामुळे तो दिवस मला आठवतो तो अर्धा जागेपणीचा आणि अर्धा झोपेतला. कुठलं कुठे संपलं ते सांगता यायचं नाही. माणसांचे चेहरेसुद्धा रंगीत आठवतात. भास्करराव निळे, त्यांचा मुलगा अद्वैत हिरवा, आणि गोमतीबाई लाल, कारण ती बसली होती तिथे वर लाल हंडी होती. पण कोण काय बोललं ते मात्र लख्ख आठवतं.

कारखाना भास्करराव उपळेकरांचा, वाईच्या अलीकडे, नदीच्या वळणावर. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि कारभार अद्वैतकडे आला. पोरगा वाईट नव्हता. शाळा बोर्डिंगात, कॉलेज बंगलोरला, त्यामुळे मराठी बोलायचा ते पाहुण्यांच्या घरी जेवल्यासारखं, जपून आणि थोडंसंच. आल्या आल्या त्यानं दोन गोष्टी केल्या. रोजचा हिशेब लिहून घेणाऱ्या जुन्या मुकादमाला घरी बसवलं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं एक यंत्र आणलं. तशी यंत्रं तेव्हा नवीनच आली होती. प्रत्येक टेबलावर एक छोटा डबा. संध्याकाळी बाईनं त्याच्याशी आपल्या भाषेत बोलायचं, आज काय केलं, किती भरलं, काय झालं. डबा ते ऐकायचा, इंग्रजीत लिहायचा, बेरजा-वजाबाक्या करायचा आणि वर ऑफिसात पाठवून द्यायचा. बायकांनी त्याचं नाव ठेवलं होतं पोपट.

आणि या पोपटानंच गोमतीबाईला चोर ठरवलं होतं.

“अगदी सरळ केस आहे, मॅडम,” अद्वैत म्हणाला. चौकशीची नोंद घ्यायलाही त्यानं टेबलावर एक पोपटच ठेवला होता. शेजारी पुरावा म्हणून एक निळी हंडी, कांद्याच्या सालीइतकी पातळ. “सिस्टीमप्रमाणे या बाईंच्या टेबलावर माल सतत जास्त निघालाय. गोदामात तो नाही. म्हणजे मधल्या मधे गेला. सिस्टीमनं स्वतःच यांच्या नावापुढे लाल खूण केली. आम्ही तर कुणावर संशयही घेतला नव्हता.”

भास्करराव कोपऱ्यात शाल पांघरून बसले होते. डॉक्टरांनी त्यांना दगदग करू नका म्हणून बजावलं होतं, तरी ते आले होते. गोमती त्यांच्याकडे लग्न होऊन आली तेव्हापासून कामाला होती. ते तिच्याकडे बघत नव्हते आणि तीही त्यांच्याकडे बघत नव्हती.

“विचारा तुम्ही,” मी अद्वैतला म्हटलं.

“गोमतीबाई, तुमच्या टेबलावर हंड्या वाढल्या, असं तुम्ही यंत्राला सांगितलंत?”

“सांगितलं की.”

“एकदाच?”

“वाढतील त्या दिवशी सांगायचं. लपवून कशाला ठिवू?”

“इतर टेबलांपेक्षा तुमच्याकडेच जास्त का वाढल्या?”

“आता माझ्याकडंच पातळ काच देतात. ती वाढणारच. जाड काचंच्या टेबलावर बसवा, मग कशाला वाढंल?”

अद्वैतनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे खरं तर पेंगत होते. वर किणकिण चालू होती. पोटातलं बाळ पाय ताणत होतं. काचेची जाडी आणि माल जास्त निघणं यांचा काय संबंध, असा एक प्रश्न माझ्या डोक्यात आला आणि पोहत पोहत पलीकडे गेला.

“बरं, मग या वाढलेल्या हंड्या गेल्या कुठे?”

“कुठं जाणार? भट्टीत.”

“भट्टीत!” अद्वैत हसला. “घ्या! जास्तीचा माल म्हणे भट्टीत टाकला.”

“मग काय घरी न्यायचा?”

“तेच तर विचारतोय, बाई. घरी नेलात का?”

गोमतीबाई उठून उभी राहिली. चुडा वाजला. इतका वेळ ती जणू भांड्यांच्या दुकानात बोलत असावी तशी बोलत होती. आता तिला कळलं की आपल्याला काय विचारतायत.

“धाकलं मालक,” ती म्हणाली, “तुमच्या बारशाला हितं एकशे आठ हंड्या लावल्या होत्या, त्या म्या पुसल्यात. मला कामावरनं काढायचं तर काढा. मिरच्या खुडीन, नदीवर गोधड्या धुईन. पण चोर म्हणून मी त्या दारातनं भायेर जायची न्हाई. माझी सून गावची सरपंच हाय. तिनं मान वर करून चालायचं का न्हाई? ह्ये आधी लिवा.” आणि टेबलावरच्या पोपटाकडे वळून म्हणाली, “लिवलंस का रं?”

जेवणाची घंटा झाली म्हणून बरं.

बायकांनी मला त्यांच्यातच बसवून घेतलं. भाकरी, मेथीची भाजी, खर्डा. माझ्या ताटात दही कुणी वाढलं ते कळलंच नाही. मग पेंढ्याच्या गंजीवर एक गोधडी अंथरली गेली आणि मी, चौकशी अधिकारी म्हणवणारी बाई, आरोपीच्याच गोधडीवर आडवी झाले. कायद्यात हे बसत नाही. पण पोटात ते एवढं मोठं असलं की कायदा थोडा बाजूला सरकतो.

मला स्वप्न पडलं, किंवा ते जागेपणच असेल. मी नदीच्या तळाशी निजलेय आणि वर पाण्यातून हंड्या तरंगत चालल्यायत. काठावर बायका बोलतायत. एक म्हणाली, “आज माझी एक वाढली गं.” दुसरी म्हणाली, “वाढू दे. हात न्हाई ना कापला?” मग कुणीतरी माझ्या पायांवर पदर टाकला. मला इतकं बरं वाटलं की उठून ते शब्द कुठे टिपून ठेवावेत हेही सुचलं नाही.

उठले तेव्हा ऊन पलीकडच्या खिडकीत गेलं होतं आणि सगळ्यांचे रंग बदलले होते. अद्वैत आता लाल झाला होता.

झोपेनं डोकं मात्र जाग्यावर आलं. मी त्याला म्हटलं, “तुमच्या यंत्रानं जे लिहिलंय ते मी वाचलं. आता बाई काय बोलल्या ते ऐकवा.”

“तेच तर लिहिलंय.”

“ते इंग्रजीत लिहिलंय. बाई इंग्रजीत बोलल्या का?”

“नाही, पण मूळ आवाज राहत नाही, मॅडम. लिहून झालं की पुसला जातो. करारातच आहे तसं.”

“करार कुणाशी? या बायकांशी?”

“छे, सॉफ्टवेअर कंपनीशी. परदेशातली आहे.”

“म्हणजे या बायकांचा आवाज परदेशात जातो हे त्यांना कुणी विचारलं नाही. बाई काय बोलल्या हे आता जगात कुणाकडेच नाही. आणि त्यावरून तुम्ही तिला घरी पाठवणार. अद्वैत, हे कामगार न्यायालयात गेलं ना, तर तिच्या वकिलाला कोट चढवायचीही गरज पडणार नाही. तिला परत कामावर घ्यावं लागेल आणि वर अब्रूनुकसानीचा दावा.”

“पण यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याचा काय स्वार्थ?” तो अगदी मनापासून म्हणाला. मला त्याची कीव आली.

“खोटं नसेल बोलत. पण त्याला उभं करून उलटतपासणी घेता येते का? उद्या सही कोण करणार? तुम्हीच ना? मग चोर म्हणणारे तुम्ही, तो नव्हे.”

भास्करराव कोपऱ्यातून म्हणाले, “ऐक त्यांचं.”

“मला ती हंडी दाखवा,” मी म्हटलं आणि पुरावा नीट बघावा म्हणून टेबलाला वळसा घालून गेले.

आता ज्या बाईला दिवस गेले आहेत तिला विचारा. आपण कुठे संपतो हे तिला शेवटचे तीन महिने माहीत नसतं. मी वळले, पोट टेबलाच्या कडेला लागलं आणि ती निळी हंडी गडगडत गेली. मी हात पुढे केला. उशीर झाला होता. खालच्या फरशीवर एक नाजूक, लांबलचक आवाज झाला, आणि वरच्या सगळ्या हंड्या थरथरल्या.

मी पोटावर हात ठेवून तशीच उभी राहिले.

“वाढली, वाढली!” गोमतीबाई धावत आली. मघाचं सगळं भांडण विसरून तिनं मला मागून घट्ट धरलं. “काय न्हाई झालं, बाई. वाढली. भिऊ नका. बाळाला भ्यायचं न्हाई म्हणून सांगा.”

दारातून बायका डोकावल्या. “वाढली का? वाढू दे, वाढू दे.”

आणि कोपऱ्यात शाल फेकून उभे राहिलेले भास्करराव हात वर करून ओरडले, “वाढली हो! हलू नका बाई, अनवाणी आहात. अरे, वाढली ती, केरसुणी आणा!”

टेबलावरच्या पोपटानं टिक् असा आवाज केला.

अद्वैतनं डब्याच्या पडद्याकडे बघितलं. मग पुन्हा बघितलं. मग हळूहळू वाचून दाखवलं, एकेका शब्दाचं मराठी करत, “भास्कर उपळेकर यांनी कळवलं... एक हंडी जास्त झाली.” थोडं थांबून म्हणाला, “बाबा, तुमच्या नावापुढे पण लाल खूण आली.”

वर फक्त किणकिण. मला वाटलं मी अजून पेंढ्यावरच निजलेय.

मग मला माझी आई दिसली. लहानपणी माझी बांगडी पिचली की माझ्या तोंडावर हात ठेवायची, “तसं म्हणू नये, वाढली म्हणावं.” नारळ देवापुढे वाढवतात. बांगडी वाढते. काचेत जन्म काढलेल्या या माणसांची हंडीही वाढत होती, रोज, पातळ काचेच्या टेबलावर इतरांपेक्षा थोडी जास्तच. तिचे तुकडे भट्टीत जात होते आणि वर ऑफिसात कागदावर हंड्यांचं पीक येत होतं.

“गोमतीबाई,” मी विचारलं, “तुम्ही या डब्याला हेच सांगत होतात? वाढली म्हणून?”

“मग दुसरं काय सांगू?”

“म्हणजे... फु...”

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. सरळ, माझ्या आईसारखा. चौकशी अधिकाऱ्याच्या तोंडावर!

“बाई,” ती हळूच म्हणाली, “पोटात काय हाय ते बघा आन् मग बोला.”

भास्कररावांना आधी हसू आलं आणि मग रडू. ते खुर्चीत बसले आणि शालीनं डोळे पुसत राहिले. “अगं गोमे,” ते म्हणाले, “आणि मी तुला तोंड दाखवत नव्हतो गं आठ दिवस.”

“म्हाईत हाय मला,” ती म्हणाली. “म्हणून तर मीबी बघत न्हवते.”

मी निकाल लिहायला घेतला. ‘आरोप सिद्ध होत नाही,’ असं आम्ही लिहितो, तसं मी लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

“सिद्ध होत न्हाई म्हंजे?” तिनं विचारलं. “केली असंल चोरी, पण घावली न्हाई. असंच ना?”

मी ते खोडलं. ‘आरोप खोटा आहे’ असं लिहिलं. आजवर एवढे निकाल लिहिले, पण एवढं मोकळं वाटलेलं मला आठवत नाही.

अद्वैतचा चेहरा पडला होता. पण तरुण पोरं, त्यांना प्रत्येक गोष्टीवर लगेच उपाय हवा असतो. “ठीक आहे,” तो म्हणाला, “चूक कळली ना? सोपं आहे. उद्यापासून सगळ्यांनी यंत्राला स्पष्ट सांगायचं. फुटली म्हणायचं. मी सूचना लावतो.”

दारातल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कुणीतरी माझ्या पोटाकडे बघितलं. गोमतीबाईनं पदर खोचला.

“मग तुम्ही मला चोरच लिवा,” ती म्हणाली.

“अहो, फक्त एक शब्द आहे!”

“शब्दच हाय. सकाळच्या पारी त्यो तोंडातनं काढायचा आन् वर ह्या एवढ्या टांगलेल्या. ज्या घरी ह्या जाणार त्यांच्याकडं लगीन असतंय, बारसं असतंय. माझ्यानं व्हायचं न्हाई. जाते मी.”

आणि ती खरंच निघाली. येते म्हणाली नाही, जाते म्हणाली. सगळ्या बायका चरकल्या ते त्यामुळे. आरोप खोटा ठरला होता, नाव निर्मळ झालं होतं, आणि तरी तिची तीस वर्षांची नोकरी त्या दाराशी येऊन थांबली होती. मला चक्क रडू आलं. त्या दिवसांत मला साबणाच्या जाहिरातीनंही रडू यायचं, पण हे तसं नव्हतं.

“थांब गोमे,” भास्करराव म्हणाले. मग मुलाकडे वळले. “अद्वैत, एकदा तूच म्हणून दाखव. इथे उभा राहा, वर बघ, आणि म्हण.”

“काय, फुटली? आत्ता म्हटलं की मी.”

“आत्ता सूचना म्हणून म्हटलंस. आता वर बघून म्हण. तुझ्या बायकोच्या डोहाळजेवणाला यातल्याच हंड्या लावायच्यात पुढच्या महिन्यात.”

अद्वैतनं वर बघितलं. ऊन उतरलं होतं. सगळ्या हंड्यांत नुसता मंद रंग साठून राहिला होता, विझायच्या आधीचा. वारा आला. तो तोंड उघडून उभा राहिला, एकदा घसा खाकरला, पुन्हा उभा राहिला. बायका श्वास रोखून बघत होत्या. मीही.

“उद्या बघू,” तो शेवटी म्हणाला.

बायका अशा हसल्या की वरची काचसुद्धा वाजायला लागली. “पोपट झाला, धाकल्या मालकांचा पोपट झाला!” मागून कुणीतरी म्हणालं. तोही बिचारा हसला.

“अद्वैत,” भास्करराव दमून खुर्चीत टेकत म्हणाले, “ते यंत्र वाढव आता.”

“आणखी एक घेऊ?” त्यानं गोंधळून विचारलं.

“अरे माझ्या राजा! दुकान बंद कर म्हणत नाहीत, वाढव म्हणतात. बंद कर ते!”

त्यानं बटण दाबलं. पण त्याआधी पोपटानं टिक् करून शेवटची ओळ लिहिलीच, यंत्रांची संख्या वाढवावी, मालकांची सूचना. ती ओळ अद्वैतनं पुढे चौकटीत घालून आपल्या ऑफिसात लावली, असं मी ऐकलं. जुना मुकादम दुसऱ्या दिवसापासून परत आला.

निघताना फाटकाशी गोमतीबाईनं माझी ओटी भरली. “नारळ घरी वाढवा,” एवढंच म्हणाली, आणि आपल्याच विनोदावर खुदकन हसली. मी गाडीत बसताना ती म्हणाली, “बरं, येते मी,” आणि आत कामाला गेली.

मुलगी झाली. बारशाला पेंढ्यात गुंडाळलेली एक निळी हंडी आली, त्या पडलेल्या हंडीची जोडीदारीण. ती माझ्या घरात अकरा वर्षं टांगलेली होती. पोरीला पाळण्यात पडल्या पडल्या हंडीचं निळं पोट दिसायचं आणि ती त्याच्याशी बोलत बसायची.

परवा दुपारी मी लवंडले होते. आतून चेंडू आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तोच, नाजूक आणि लांबलचक. मी उठायच्या आतच पोरीचा घाबरलेला आवाज आला, “आई, तू येऊ नकोस, अनवाणी आहेस! हंडी वाढली!”

मी तिला हे कधी शिकवलं ते मला आठवत नाही. कदाचित शिकवलंच नसेल. पोटात असताना ऐकलं असेल.

संध्याकाळी मी गोमतीबाईला फोन लावला. आता ती घरीच असते, नातवंडं सांभाळते, ऐकायला कमी येतं. मी ओरडून सांगितलं, तुम्ही दिलेली हंडी वाढली हो, आज.

“वाढली? बरं झालं,” ती म्हणाली. “तुकडं टाकू नका, बाई. कारखान्यात धाडून द्या. भट्टीत गेलं की दुसरी येती. म्हणून तर वाढली म्हनायचं.”

मी वर्तमानपत्र पसरलं. पोरीनं एकेक तुकडा जपून वेचून त्यावर ठेवला, आणि कपाटाखाली गेलेला अगदी नखाएवढा तुकडाही पट्टीनं बाहेर ओढून काढला.